भार बराबर करणारा लखीरामभाऊ

आधी माही चूक कबूल करतो, मग बाकीचं सांगतो. लखीरामभाऊले मी पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा मले वाटलं का हा माणूस भल्ला चावट हाय, अन् याच्याशी आपण जलमात बोलायचं नाई. आता आठवलं का पोट धरून हसतो मी. कारण चावट तं मीच निघाली, अन् त्या बिचाऱ्याले थट्टा कशाशी खातात तेबी ठाऊक नाई.

झालं असं का सन छप्पनच्या थंडीत माहं लग्न झालं. त्याच साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला, अन् मले वणीकडून उचलून बोरी अरबले टाकलं. जिल्ह्याले कोणी विचारलं नाई, मलेबी नाई. छोट्या गाडीनं आम्ही बोरीच्या टेशनावर उतरलो. आमचं गाव तिथून दीड कोस. नाव सांगून तुमच्या ध्यानात राहणार नाई, तुम्ही बोरीच समजा. टेशनावर घ्याले बंडी आलती, अन् बंडीवर लाल पटक्याचा एक उंच माणूस. आमचे हे, म्हणजे सदाशिवराव, एका अंगाले बसले. मी अन् माही लोखंडी पेटी दुसऱ्या अंगाले. त्या माणसानं बंडीभोवती एक चक्कर मारली. मले पाह्यलं, पेटीले पाह्यलं, ह्याईले पाह्यलं, अन् म्हणाला,

"वहिनी, इकून भार लय होऊन राह्यला."

नवी नवरी मी, पदर नाकापर्यंत. तेव्हा काई मी आतासारखी नव्हती, पण अगदी काडीबी नव्हती. पदराच्या आतच माहं तोंड लाल झालं. वाटलं, नवरा याले दोन शब्द सुनावन. नवरा गाडीचा धूर पाहून राह्यलता. तो माणूस मग खाली उतरला, कुंपणापासून एक गोटा उचलला, हातात तोलून पाह्यला, टाकून देल्ला, त्याच्याहून मोठा उचलला, अन् आणून माह्या नवऱ्याच्या शेजारी ठेवला. म्हणाला, "आता बराबर."

म्हणजे माह्या संसाराची सुरुवात अशी झाली. इकून मी अन् पेटी, तिकून नवरा अन् गोटा.

महिनाभर मी त्या माणसाशी बोलली नाई. आंगणात आला का मी चुलीपाशी. शेवटी एक दिवस आमच्या ह्याईनं मले विचारलं, "काहून वो, लखीरामभाऊनं तुहं काय केलं?"

"मले लठ्ठ म्हणाला तो. टेशनावर. साऱ्याईच्या समोर."

हे इतके हसले का हातातला तांब्या सांडला. "अवो, तो तुले नाई म्हणाला. तो चाकाले म्हणाला. त्याच्या घरचा धंदाच होता तो."

मग मले समजलं. लखीरामभाऊ आमच्या नाल्याच्या पल्याडच्या तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलाईच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरत. त्याले ते लदेणी म्हणत. बैलाच्या पाठीवर दोन गोण्या राहत, एक इकून लोंबे, एक तिकून. तागडी नाई, वजनं नाई, सारा हाताचा अंदाज. एक गोणी शेरभर जड झाली तं कोसभरात बैलाची पाठ सोलून निघे, अन् बैल बसला का सारा तांडा रस्त्यात बसे. लखीरामभाऊच्या आज्यानं त्याले लहानपणी तेच शिकवलं होतं. मग लदेणी बंद झाली, तांड्यानं वावरं केली, जवारी अन् कपाशी पेराले लागले. गोण्या गेल्या, पण लखीरामभाऊचा हात तसाच राह्यला. पंगतीत वाढाले उभा राह्यला तं दोन्ही ओळीतल्या माणसाईची वजनं पाहून माणसं इकडून तिकडं बसवे. त्याची बायको मानीबाई, हातभर बलिया, म्हणजे बांगड्या, घालणारी, माह्यापाशी येऊन सांगे, "इंदुताई, माही एक बलिया फुटली. तं हा मले म्हणते का तू तिरपी चालून राह्यली. दुसऱ्या हातातलीबी काढाले लावली."

अन् भांडणात तं या माणसाचा काई उपयोगच नाई. जलमात एक भांडण जिंकला नाई तो. दोन गोष्टी आपल्या बाजूनं बोलला का दोन समोरच्याच्या बाजूनं बोलल्याशिवाय त्याले चैन पडे नाई. एकदा याच्या कुंपणात दुसऱ्याचा बैल घुसला, जवारी खाल्ली. हा भांडाले गेला अन् येताना त्या बैलाले पेंडी टाकून आला. मी विचारलं तं म्हणाला, "वहिनी, कुंपण माहं ढिलं होतं. अन् बैल उपाशी होता. दोन गोष्टी त्याच्याकडून झाल्या, माह्याकडून एकच."

हे सारं मी काहून सांगून राह्यली? आमच्या मंडळाले यंदा दहा वर्षं होऊन राह्यले. पोट्टे पुस्तिका छापून राह्यले. अध्यक्षाचा फोटो, सचिवाचा फोटो, खजिनदाराचा फोटो. लखीरामभाऊचा नाई. त्याच्याकडं पद नाई म्हणे. मी म्हटलं, ठीक हाय, फोटो नका टाकू, दोन पानं मले द्या. अध्यक्ष माहाच नवरा हाय, तो काय बोलतो पाहू.

तं मंडळ निघालं सत्तावनच्या दसऱ्याले. त्याच्या आधी गावचे पोट्टे नाल्याच्या अल्याड हुतुतू खेळत, तांड्याचे पोट्टे पल्याड. दोन्हीकडं गडी कमी. मग उरलेल्या वेळात एकमेकाईले ढेकळं मारत. ग्रामसेवकानं आमच्या ह्याईले सांगितलं का सगळीकडं तरुणाईची मंडळं निघून राह्यली, तुम्हीबी काढा. हे सातवी पास, म्हणून अध्यक्ष. जागा पाह्यजे होती. नाल्याच्या काठाले विठ्ठलरावाचं दोन एकर बरड होतं, पडीतच. त्याईनं देल्लं.

विठ्ठलराव म्हणजे माहे भासरे, ह्याईचे मोठे भाऊ. आमच्याकडं भासऱ्याशी सून सरळ बोलत नाई. मग काई सांगायचं असलं का मी म्हशीले सांगो. म्हशीचं नाव चांदी. "चांदे, मोठ्याईले सांग, भाकर झाली." अन् तेबी चांदीलेच उत्तर देत. "चांदे, म्हणा येतो." त्या म्हशीनं आमच्या घरातलं जितकं ऐकलं तितकं कोणत्या वकिलानं ऐकलं नसन.

आता नाव काय ठेवायचं यावरून पहिलं भांडण. गावचे एक म्हणत, तांड्याचे दुसरं. भजनवाले म्हणत आमचाबी शब्द टाका. लखीरामभाऊनं इकडचा एक शब्द घेतला, तिकडचा एक घेतला, मग इकून एक वाढला म्हणून तिकून एक. असं करत करत मंडळाचं नाव झालं नवजीवन तरुण उत्साही व्यायाम व भजन सेवा मंडळ. विठ्ठलरावाच्या कोठ्याच्या भितीवर लिहाले घेतलं तं भित पुरली नाई. शेवटचा 'मंडळ' कोपऱ्याच्या पल्याड गेला. आजबी तसाच हाय. समोरून पाह्यलं तं नुसती सेवा दिसते, मंडळ पाहाले वळून जा लागते.

अन् मग सुरू झाला लखीरामभाऊचा खरा धंदा. रोज दिवस कलला का पोट्टे बरडावर जमत. लखीरामभाऊ एकेकाले कमरेत धरून उचलून पाहे. वजन झालं का बाकीचं. "हा तापट हाय, समोरून एक थंडा टाका. हा पडल्यावर रडते, तिकडंबी एक रडणारा द्या. हा खोटं बोलते. याच्यासमोर खरं बोलणारे दोन लागतीन, एकानं भार होत नाई." गावचे एकीकडं अन् तांड्याचे एकीकडं असं त्यानं एक दिवसबी होऊ देल्लं नाई. आज देवीलाल आमच्या ह्याईच्या विरुद्ध, उद्या त्याईच्याच खांद्याले खांदा. नेम एकच, ज्या बाजूले पडला त्या बाजूनं जीव टाकून खेळायचं.

देवीलाल म्हणजे मानीबाईचा भाचा. वीस-एकवीसचा, वेळूसारखा, दम असा का हुतुतू म्हणत नाला ओलांडून परत येईन. त्याले ज्या बाजूले टाकत त्याच्या समोर लखीरामभाऊ दोन चांगले गडी टाके. म्हणून आमच्या बरडावर कोणीच दोनाच्या वर गुणानं जिंकत नसे. रोज शेवटच्या दमापर्यंत कोण जिंकते ते समजे नाई. मी अन् मानीबाई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून पाहो, अन् चुलीवरची भाजी रोज लागे. विठ्ठलराव एक दिवस धूळ उडते म्हणून रागवाले आले. थोडा वेळ उभे राह्यले. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आले.

असे दोन-अडीच वर्षं मजेत गेले. मग साठ साल लागलं. संक्रांतीच्या आठ दिवस आधी विठ्ठलराव दारव्ह्याच्या बाजारातून आले ते फणफणतच. कोणीतरी विचारलं होतं, "तुमचं मंडळ, मंडळ लय ऐकतो. जिंकलं काय त्यानं?" अन् याईच्यापाशी सांगाले काई नाई. आले ते सरळ कोठ्यात.

"चांदे, ह्या मंडळाले सांग. औंदा मृगात मी बरडात कपाशी टाकतो."

आमचे हे मोठ्या भावासमोर कधी बोलत नाई. तोंड पाडून उभे. मग मीच म्हटलं, "चांदे, विचार, बरडात कपाशी होते का कधी?"

"चांदे, सांग, मृगात टाकली तं होते. मृग गेल्यावर तिथं काई होत नाई, हे मलेबी समजते."

"चांदे, विचार, पोट्ट्याईनं काय पाप केलं?"

"पाप नाई, पुण्यबी नाई. निरी धूळ उडवली." मग चांदीले सोडून त्याईनं ह्याईकडं तोंड केलं. "सदाशिव, नेरले पंधरा दिवसांनी सामने हाय. फिरती ढाल हाय तिथं, जिंकन त्याच्याकडं सालभर राहते. ती आणा. जितके दिवस ढाल माह्या जमिनीवर उभी राहीन, तितके दिवस जमीन मंडळाची. ढाल नाई, तं वखर."

मानीबाई म्हणाली का त्या दिवशी लखीरामभाऊ जेवला नाई. जेवणाचा नेम तो कधी चुकवे नाई, म्हणून मले नवल वाटलं. मानीबाई म्हणाली, "इंदुताई, याच्या आज्याचे बैल गेले, गोण्या गेल्या. आता भार कराले याच्यापाशी हे पोट्टेच हायत. तेबी गेले तं हा माणूस काय उचलून पाहीन? मलेच उचलन." हसतच म्हणाली, पण डोळे पुसले तिनं.

नेरले आम्ही तीन बंड्या जुंपून गेलो. बायाबी गेल्या, मी हट्टच धरला. विठ्ठलराव पहिल्या बंडीत, त्याईची खुर्ची दुसऱ्या बंडीत. तिथले पहिले दोन सामने आमच्या पोट्ट्याईनं असे जिंकले का पाहणारे उभे राह्यले. दुसऱ्याईले सोप्या सामन्याईची सवय. आमच्याईले रोज शेवटच्या दमापर्यंत खेळाची सवय. समोरचे दमत, अन् आमच्याईले तेव्हा कुठी जोर चढे. विठ्ठलराव शेजारच्या माणसाले सांगून राह्यलते, "माहीच जमीन हाय. तिथंच शिकले."

तिसरा सामना ढालीचा. समोरून अमरावतीच्या अंगाच्या एका खेड्याची टीम. अन् मैदानात उतरले तं पाचच गडी. उरलेले दोघं सख्खे भाऊ, त्याईच्या बहिणीले पाहाले पाहुणे येणार होते म्हणून सकाळच्या मोटारीनं परत गेलते. पंच म्हणाला, "पाच तं पाच. नियमात बसते. खेळा."

आमच्या पोट्ट्याईच्या तोंडावर तं आनंद मावे नाई. सात विरुद्ध पाच. आमचे हे ढाल कोठ्यात कोणत्या खुंटीले टांगायची हे ठरवून मोकळे झालते. अन् मी पाह्यलं, लखीरामभाऊ रेघेपाशी उभा राहून एकदा इकडं पाहे, एकदा तिकडं पाहे. ती नजर मी ओळखली. टेशनावर मले अन् पेटीले पाहून राह्यलता तीच नजर.

मी मानीबाईले म्हटलं, "बाई, तुह्या नवऱ्याले धर."

पण तो निघालाच. गेला, देवीलालच्या दंडाले धरलं, रेघ ओलांडून पल्याड नेलं, त्या पाचाईच्या मधात उभं केलं. अन् हात झाडून म्हणाला, "आता बराबर. सहा-सहा."

मग सारे एकदम बोलले. आमचे हे धावत गेले. "लखीरामभाऊ, तुले समजते का काय करून राह्यला? ढाल हाय ती, ढाल. आपली जमीन हाय."

"समजते ना भाऊ. पण एकीकडं सात अन् एकीकडं पाच, हा काय खेळ होते? बैल बसन असा."

"बैल कुठी हाय इथं? अन् द्यायचाच होता तं राखीवातला एखादा दे. देवीलालच काहून?"

"राखीवातला हलका हाय. हलकी गोणी देऊन भार झाला म्हणणं, हे तं लबाडी झाली."

पंचानं नियमाचं पुस्तक काढलं, पुढून चाळलं, मागून चाळलं. आपला गडी समोरच्याले देऊ नये असं त्यात कुठीच लिहिलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात असा माणूस आलाच नव्हता. समोरचा कप्तान तं आधी समजला का हे आपली थट्टा करून राह्यले. मग देवीलालले पाह्यलं अन् लगेच म्हणाला, "आम्हाले चालते."

मी विठ्ठलरावाकडं पाह्यलं. त्याईनं तोंड टोपीनं झाकून घेतलं होतं. चांदी नेरले आली नव्हती. मग मी बंडीच्या बैलाले म्हटलं, "बाबा, मोठ्याईले सांग, पाणी पेता का?" बैल काई बोलला नाई, तेबी काई बोलले नाई.

खेळ मात्र असा झाला, असा झाला का नेरचे लोक अजून सांगतात. एक गुण इकडं, एक गुण तिकडं. लोक झाडावर चढले. अन् देवीलाल, ज्या बाजूले टाकला त्या बाजूनं जीव टाकून खेळायचं हेच शिकलेला, तो कायले मागं पाहीन? शेवटच्या चढाईले दोन्हीकडं बरोबरी होती. तोच आला, आमच्या ह्याईच्या गुडघ्याले हात लावला, अन् रेघेवर जाऊन पडला. जिंकले ते. देवीलाल त्याईच्या खांद्यावर बसून दोन उड्या मारल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग खांद्यावरच बसून रडाले लागला.

त्याईचा कप्तान ढाल घेताना लखीरामभाऊले म्हणाला, "दादा, अर्धी ढाल तुमचीच हाय म्हणा."

सारे असं म्हणतातच, तोंडदेखलं. लखीरामभाऊ मात्र बोटं मोजाले लागला.

परतीच्या वाटेवर आमचे हे बंडीत तोंड फिरवून एका कोपऱ्यात बसले. कोसभर गेल्यावर लखीरामभाऊ मागं वळला. "सदाशिवभाऊ, रागावलेच हा तं मधात बसून रागावा ना. भार एकीकडं जाऊन राह्यला." मले हसू फुटलं. ह्याईनं माह्याकडं असं पाह्यलं का मी पदर तोंडात कोंबला.

मग चार महिने बरड ओस पडलं. पोट्टे रुसले. गावचे अल्याड बसत, तांड्याचे पल्याड. ढेकळं मारून राह्यलते का नाई ते मी पाह्यलं नाई, पण एक दिवस आमच्या कौलावर एक पडलं. लखीरामभाऊ रोज दिवस कलला का बरडावर जाये, एकटाच उभा राहे, अन् परत येये. होळीले तांड्यात सारे नाचून राह्यलते तं हा घरी नाई. मानीबाई म्हणाली दोन दिवस कुठीसा गेला, सांगत नाई.

जेठ लागला. विठ्ठलरावानं वखराची पास, म्हणजे पातं, लोहाराकडून धार लावून आणली. चार दिवस मुहूर्त पाह्यला, पाचव्या दिवशी बैल जुंपून बरडाच्या कोपऱ्यात उभे राह्यले. मी चांदीले चाराले म्हणून धुऱ्यावर गेलती, खरं तं पाहालेच. पोट्टेबी सारे आलते. तांड्याचे धुऱ्याच्या एका टोकाले, गावचे दुसऱ्या.

तितक्यात नाल्यातून बंडी वर आली. लखीरामभाऊची. हळूहळू, जशी एखादी बाळंतीण आणून राह्यला. बंडीत एका अंगाले गोधडी, गोधडीवर ढाल, चकचक करून राह्यलेली. दुसऱ्या अंगाले तितक्याच वजनाचा गोटा.

विठ्ठलराव म्हणाले, "हे काय?"

"ढाल, भाऊ."

"कोणाची?"

"सहाव्या हिश्श्यानं आपली." लखीरामभाऊ खाली उतरला. "तो कप्तान अर्धी म्हणाला, पण ते बराबर नाई. सहा गडी खेळले, पाच त्याईचे, एक आपला. ढाल सालभर राहते. बारा महिन्याचा सहावा हिस्सा दोन महिने. होळीले मी जाऊन त्याईले सांगून आलो."

"अन् त्याईनं देल्ली?"

"भांडा लागलं थोडंसं."

आमच्या ह्याईनं विचारलं, "तू भांडला?"

"ते म्हणे दिवाळीचे दोन महिने घ्या, तेव्हा खेळ राहते. मी म्हटलं नाई, जेठ अन् आखाडच पाह्यजे. ते म्हणे तेव्हा तं आमचे सारे गडी पेरणीत राहतात, तेव्हा ढाल कोणाच्या कामाची? घेऊन जा."

एव्हाना पोट्टे दोन्ही टोकाईवरून सरकत सरकत मधात आलते. लखीरामभाऊनं ढाल उचलली, बरडाच्या मधोमध नेऊन दोन गोट्याईच्या आधारानं उभी केली. अन् बाजूले उभा राह्यला.

विठ्ठलरावानं ढालीकडं पाह्यलं, वखराकडं पाह्यलं. मग चांदीकडं वळले. "चांदे, याले सांग, जेठ लागून चार दिवस झाले. हा उशिरा आला."

"हाव भाऊ," लखीरामभाऊ म्हणाला. "ते चार दिवस तुमच्याकडं टाकले."

"अन् आखाड सरला का ढाल परत. मग वावर माहं."

"तुमचंच ना. दहा महिने तुमचं, दोनच महिने मंडळाचं. भार तुमच्याकडंच जास्त हाय भाऊ. मले तेवढंच बरं नाई वाटून राह्यलं."

"आखाड सरल्यावर मी त्या बरडात काय पेरू?"

हे त्याईनं कोणाले विचारलं ते मले समजलं नाई, पण मीच म्हटलं, "चांदे, मोठ्याईले सांग, मृग गेल्यावर तिथं काई होत नाई, हे त्याईलेबी समजते."

विठ्ठलरावानं मिशीवरून हात फिरवला. हसू लपवाले फिरवला का रागानं, ते मी एवढ्या वर्षात विचारलं नाई. बैलाईचं तोंड घराकडं वळवलं. चार पावलं गेले अन् थांबले.

"लखीराम, संध्याकाळी माही खुर्ची कुठी टाकशील?"

"मधोमध टाकतो भाऊ, दोन्हीकडून सारखी."

"मधोमध नाई. तांड्याच्या अंगाले टाक, तिकून सावली राहते."

"मग गावच्या अंगाले एक गोटा ठेवा लागन."

"कायले?"

"तुम्ही इकून बसान, तं तिकून कोणीतरी नको? पोट्टे तुमच्याकडं पाहून खेळतात. एका बाजूले जोर जास्त येते."

"म्हणजे माह्या बराबरीले तू गोटा बसवशील? साऱ्या गावासमोर?"

"हलका नाई बसवत भाऊ. तुमच्याच वजनाचा बसवतो."

"नाई बसवायचा."

"मग खुर्ची मधोमध."

विठ्ठलराव सावलीकडं पाहत राह्यले, मग म्हणाले, "चांदे, सांग, खुर्ची सावलीतच," अन् मग माह्याकडं वळले. पहिल्यांदाच सरळ माह्याकडं पाह्यलं त्याईनं, अन् मी पदर ओढायचं विसरली, इतकी हसून राह्यलती. लखीरामभाऊ मात्र हसला नाई. तो दोन पावलं पुढं आला, म्हणाला, "एक मिनिट, भाऊ," अन् विठ्ठलरावाले कमरेत धरून जमिनीपासून वीतभर उचललं, तोलून पाह्यलं, खाली ठेवलं, अन् गोटा पाहाले नाल्यात उतरला.